डॅशबोर्डमधली टकटक

माझा हात लागला की कुठलंही यंत्र सुतासारखं सरळ होतं, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही! म्हणूनच सासरेबुवा पंधरा दिवस बाहेरगावी गेले आणि त्यांची तीस वर्षांची गाडी आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा मला अगदी भरून आलं. जाताना ते म्हणाले होते, "जावईबापू, नीट सांभाळलीत तर गाडी तुमचीच."

तिचा वेगाचा काटा कायम शून्यावर झोपलेला. पण तो बिचारा आवाज करत नव्हता, म्हणून माझं त्याच्याशी भांडण नव्हतं. भांडण होतं टकटकीशी! जरा वेग घेतला, की डॅशबोर्डच्या आत कुणीतरी कोंडल्यासारखी टकटक, टकटक!

"आज पाचला बाबांना आणायला स्टेशनवर जायचंय," सकाळी बायकोनं बजावलं. "गाडीला हात लावू नका."

"अगं, चारच स्क्रू काढायचेत!"

"मिक्सरचेही चारच होते."

चार काढले. आत आणखी चार निघाले. साडेबाराला रेडिओ माझ्या मांडीवर होता आणि वायरींचा गुंता गळ्यात. त्यातली एक जरा ओढली मात्र, हॉर्न बोंबलायला लागला! थांबेचना! शेजारचे दातांचे डॉक्टर धावत बाहेर आले.

"अहो, बंद करा ते! पेशंट दचकून माझ्या बोटाला चावला!"

घाबरून मी दिसेल ती वायर उपटली. हॉर्न थांबला आणि समोरच दिसली एक पत्र्याची डबी! काळ्या टेपनं बांधलेली, आत एक सुटा नट. हीच ती टकटक! कुण्या अडाणी मेकॅनिकचा हा उद्योग? तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली. मी डबी तिच्यात भिरकावली आणि हात झटकले.

सगळं परत बसवलं. पाच स्क्रू उरले, ते खिशात टाकले. ब्रेक दाबला की वायपर फिरायला लागले होते, पण गाडी कशी चिडीचूप!

स्टेशनवरून निघालो. सासरेबुवा माझ्या शेजारी, बायको मागे. थोड्या वेळानं सासरेबुवांनी कान टवकारले.

"टकटक कुठाय?"

"काढली, बाबा! कायमची!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, काटा बंद आहे म्हणून तीन दिवस खपून बसवली होती मी ती डबी! चाळीसच्या वर गेलं की हादऱ्यानं वाजायची!"

मी हबकलो! चाळीस? मग आत्ता किती?

उत्तर समोरच उभं होतं. वाहतूक हवालदारानं हात दाखवला, मी करकचून ब्रेक दाबला आणि रखरखीत उन्हात वायपर नाचायला लागले.

"एकसष्ट!" हातातल्या वेग मोजायच्या यंत्राकडे बघत हवालदार ओरडला. "इथे चाळीसची मर्यादा आहे. काटा दिसत नाही?" "तो बंदच असतो," मी म्हणालो. त्यानं वाकून काटा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा काट्याकडे.

सासरेबुवांनी किल्ली काढली आणि मागे लेकीच्या हातात दिली. "गाडी तुझी."

"आणि हे?" तिनं विचारलं.

"त्यांना काम आहे."

तेव्हापासून गाडी बायको चालवते. मी शेजारी बसतो, मोबाइलवर वेग बघत. चाळीसच्या वर गेली, की डॅशबोर्डवर बोटानं टकटक करतो!