नाही म्हणण्याचा तास

"ही वाकलेली माणसं ताठ उभी करून दाखवते की नाही बघ!" ताईंनी धाकट्या भावाला ठणकावून सांगितलं.

"पाठीचं दुखणं आहे का त्यांना?" भावाने विचारलं.

"स्वाभिमानाचं!"

ताई समुपदेशक होत्या. वयस्कर मंडळींचा गट जमवायचा आणि त्यांना स्वतःची किंमत पटवून द्यायची, हे त्यांचं काम. या कामात आपला हात कोणी धरणार नाही, याबद्दल त्यांना स्वतःला तरी तिळमात्र शंका नव्हती. दर मंगळवारी केंद्राच्या वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडक्यांच्या खोलीत हा गट भरायचा.

गटातलं सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे चालेलकाका. मुलाने त्यांची कॉट उचलून चपलांच्या रॅकशेजारी टाकली, तेव्हा ते म्हणाले, "चालेल." बस त्यांच्या थांब्यावर न थांबता पुढे गेली, तेव्हाही म्हणाले, "चालेल," आणि खरोखरच चालत मागे आले!

अशा माणसाला 'नाही' म्हणायला शिकवायचं, तर नुसत्या व्याख्यानाने काय होणार? म्हणून ताईंनी बेत आखला. भाऊ हौशी नट होता. नाटकात आजवर मिळालेली त्याची सगळ्यात मोठी भूमिका म्हणजे पडद्यामागून भुंकणारा कुत्रा. पण ताईंचा त्याच्यावर विश्वास होता.

मंगळवारी त्यांनी गटाला सांगितलं, "आज अचानक एक माणूस येईल. दमदाटी करेल, खोली रिकामी करा म्हणेल. घाबरू नका, तो नट आहे! तुम्ही फक्त ठामपणे नाही म्हणायचं."

मंडळी खुर्च्यांत सरसावून बसली. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि आत आले... केंद्राचे व्यवस्थापक! खरेखुरे!

"ही खोली व्यायामवर्गाला दिली आहे," ते गरजले. "तुम्ही तळघरात बसा. उठा, लगेच!"

तळघर म्हणजे मोडकी कपाटं, ओल आणि गुडघ्यांचा जीव घेणारा जिना! ताठ उभं राहून नाही म्हणायची हीच वेळ होती. ताई ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर... म्हणजे... सर..."

"वा!" हेडबाईंनी टाळी वाजवली. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर शाळेची नाटकं बसवलेली. "चेहऱ्यावरचा माज काय हुबेहूब आणलाय हो! पण वाक्य पडतंय. 'लगेच'वर जोर द्या."

"काय?" व्यवस्थापक गडबडले.

"हा गोंधळही छान!"

"आम्ही उठणार नाही!" ड्रायव्हरकाका कडाडले. त्यांनी उभा जन्म ट्रक चालवलेला, त्यामुळे आवाज हॉर्नसारखा. "काय वाकडं करायचं ते करा!"

टाळ्यांचा पाऊस पडला. ताई हात हलवत मध्ये धावल्या. "अहो, ऐका! हे खरे..."

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका," हेडबाईंनी त्यांना खाली बसवलं. "आमचं आम्हाला जमतंय. हं, काका, आता तुम्ही!"

चालेलकाका उठले. व्यवस्थापकांकडे बघत त्यांनी तोंड उघडलं. "ना... ना... चालेल."

"अरे देवा! काका, खोटंखोटंसुद्धा जमेना?" हेडबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. काळा कोट, झुपकेदार मिशी आणि हातात छडी. ताईंचा भाऊ!

"उठा सगळे!" तो ओरडला. "म्हाताऱ्यांना खिडक्या कशाला हव्यात?"

नट तर आधीच आला होता. मग हा खराच असणार! ड्रायव्हरकाकांनी गुपचूप पिशवी उचलली. हेडबाईंना चष्मा सापडेना, तो नाकावरच होता. ताईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

आणि चालेलकाका म्हणाले, "नाही."

"काय?"

"नाही चालणार!" काकांनी खुर्चीत घट्ट बैठक मारली. "मी चपलांशेजारी झोपतो. डोळे उघडले की समोर बूट! मंगळवारी इथे बसलो की झाड दिसतं मला. मी उठणार नाही. उचलून न्यायचं तर न्या!"

भावाला पुढचं वाक्यच आठवेना. पण त्याची गरजही पडली नाही. व्यवस्थापक लालबुंद होऊन त्याच्या अंगावर गेले.

"तुम्ही कोण हो?"

"मी... अधिकारी!"

"कसले अधिकारी? माझ्या केंद्रात कोणाला उठवायचं ते मी ठरवतो! ही मंडळी इथेच बसतील! दर मंगळवारी! बघतो कोण उठवतो ते!"

मंडळींनी असा काही जल्लोष केला की खिडक्या हादरल्या. व्यवस्थापकांसाठी आजवर कोणी टाळी वाजवली नव्हती. ते कॉलर ताठ करत खाली गेले. भाऊ मिशी हातात घेऊन केव्हाच पसार झाला होता.

मग ताईंनी चाचरत सगळा घोळ सांगितला. चालेलकाका पुढे आले.

"म्हणजे मी झापलं ते तुमच्या भावाला?"

"हो."

"आणि खऱ्या माणसाला चालेल म्हणालो?"

"हो, पण काका, आता काय त्याचं! खोली मिळाली ना!"

"आलोच," म्हणत काका जिना उतरू लागले.

"काका, नका जाऊ! झालंय आपलं काम!"

"नाही!" काकांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

ताई मागोमाग धावल्या. व्यवस्थापकांच्या केबिनचं दार बंद झालं होतं. आतून आवाज येत होते.

"नाही चालणार!"

"अहो, पण खोली दिली की तुम्हाला!"

"तरी नाही!"

आता आपण आत जाऊन काकांच्या शेजारी उभं राहायलाच हवं, असं ताईंनी मनाशी ठरवलं. पदर खोचला, मान वर केली आणि दारावर थाप मारली.

"कोण आहे?" व्यवस्थापक खेकसले.

"कोणी नाही, सर!" म्हणत ताई वर पळाल्या. त्या दिवशी त्यांना जमलं ते एवढंच एक 'नाही'.