खाणारा मोठा

सुपडूनानांच्या घरी चहा प्यायचा तर आधी जबानी द्यावी लागे. साखर किती, दूध किती, कपात का बशीत, आलं चालतं का नाही. दारात भिकारी आला तरी तेच. "तुले काय जोयजे? भाकर का पीठ? पीठ दिधं तर चूल कोठे शे तुनी?" एवढं ऐकेपर्यंत भिकारी शेजारच्या दारात जाऊन भाकरी घेऊन मोकळा झालेला असे. शेजारचं दार माझं.

धुळ्यात आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न असो, पंगतीतून हात जोडून फिरण्याचं काम नानांचं. "काय कमी शे? बोला, लाजू नका." एकदा कुणी वरण खारट झालं म्हणाला, तर त्यांनी नवरीच्या बापाला हाताला धरून त्याच्यापुढे उभं केलं. वर सगळ्यांना ऐकवलं, "वाढनारा मोठा नही, खानारा मोठा!" व्याही फुगले ते फुगलेच.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. पांझरेला पूर आला आणि काठची वस्ती आडवी झाली. माणसं शाळेत येऊन राहिली. मग मुंबईहून मदत समिती आली. शेठ अध्यक्ष, सोबत फोटोवाला. माणशी ओंजळ-दोन ओंजळ परदेशी लाल गहू, "घ्या आणि पुढे सरका". दळायची जाती पडक्या भिंतींखाली गाडलेली, नदीकाठची गिरणी चिखलात. गहू काय फुटाण्यासारखा खायचा? आणि संध्याकाळी शेठजींचा सत्कार! अंगावरचं लुगडं वाळलं नव्हतं त्या बायांनी टाळ्या वाजवायच्या! माझं तर टाळकंच फिरलं.

नाना मात्र शांतपणे माणसांना पंगतीसारखं रांगेत बसवत होते. ना पत्रावळ, ना पाणी. शेठजी सत्कारासाठी जीपमधून उतरले तसा नानांनी त्यांचा हात धरला.

"चला शेठ, पंगत बशेल शे. हात जोडा न इचारा, काय कमी पडनं."

"ही काय थट्टा आहे?"

"थट्टा तुम्ही करी. यजमान ना तुम्ही?"

फोटोवाला पुढे सरसावला, म्हणून शेठजींना हात जोडावेच लागले. रांगेत पहिलीच गोदाबाई बसली होती. भिंत पडून तिचा उजवा हात सुजलेला, मांडीवर पोर मलूल. तिने गव्हाची गाठ सोडून पुढे केली. "हाऊ उकडेल गहू पोर खास न ओकी टाकस. मले जातं जोयजे."

"जातं आमच्या यादीत नाही, बाई."

"यादी कोनी करी?" नाना ओरडले. "इले इचारं व्हतं का?"

शेठजी म्हणाले, "विचार करू." आणि सत्कार न घेताच त्यांची जीप गेली. अजून विचारच करत असतील.

जात्याची वाट पाहण्यात आणखी एक दिवस गेला. पोर मान धरेनासं झालं तसे नाना तडक घरी गेले आणि बायकोचं जातं हातगाडीवर घालून निघाले. ती वारून बराच काळ झाला होता. गाडी मी ढकलली. शाळेच्या ओट्यावर जातं मांडलं, पण गोदाबाईचा हात खुंट्याला लागेना. तेव्हा नाना स्वतः मांडी घालून बसले. बापे हसायला लागले. नानांनी डाव्या हाताने गव्हाचा बेताचा घास टाकला, खुंटा धरला आणि जातं फिरू लागलं.

"नाना, तुमले दळता येस?" गोदाबाई चकितच झाली.

"मनी घरवाली अंथरुनले खिळी व्हती, तवय मीच दळू. दार लाईसन. तिले लाज वाटे."

पहाटे त्या घरातून घरघर ऐकू यायची, आणि हा माणूस आजारी बायकोला दळायला लावतो म्हणून अख्खी गल्ली त्यांना नावं ठेवायची. नाना कुणाला काही बोलले नव्हते.

नाना दुपारपर्यंत दळत होते. पातळ पेज पोराच्या पोटात टिकली, ते झोपलं. बाकीच्या बायाही आपापली गाठोडी घेऊन जात्याभोवती जमल्या. मी गाडी ओट्याला लावली आणि जातं उचलू का म्हणून विचारलं.

नाना धोतरावरचं पीठ झटकत होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे आठेच, भाऊ. घरमा आते कोनासाठे दळू?"