टॉवेलमागचा कॉम्प्युटर

आमच्या शेजारचे वसंतकाका कॉम्प्युटरच्या पडद्यावर टॉवेल वाळत घालतात. तो पडदा उघडा असलेला मी तरी कधी पाहिला नाही. "इतवारा बाजारातल्या दुकानदारानं बळेच गळ्यात मारला," ते सांगतात. "म्हटलं, भाऊ, मला दिसत नाही. तर म्हणे, राहू द्या, घरी पाहुणे येतील ना."

काका जन्मापासून आंधळे. त्यांचा कॉम्प्युटर बोलतो, आणि त्याला जोडलेलं एक यंत्र जाड कागदावर ब्रेलची टिंबं ठोकतं. कुठलाही मजकूर ब्रेलमध्ये आणणारा प्रोग्राम काका स्वतः बनवून राहिलेत. (बघा, मीही आता इथल्यासारखीच बोलायला लागले.)

मी गडहिंग्लजकडची. आठवीत शाळा सुटली. नवऱ्याला कागदाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बऱ्हाणपूरला, इथल्या लालबाग वस्तीत आले. मला सगळ्याचीच भीती. गॅसची, बँकेची, दारावर आलेल्या अनोळखी माणसाची. दुपारी भिंतीपलीकडून खडखडाट यायचा, त्याचीही. एकदा धीर करून बघायला गेले, तर काका म्हणाले, आलीच आहेस तर समोरचं मोठं बटण दाब.

मी हात मागं घेतला. म्हटलं, मी नको, माझ्यानं बिघडेल.

काकांना इतका आनंद झाला की त्यांनी चहाच ठेवला. "अशीच पाहिजे होती! हुशार माणूस चुकला तरी कुठून तरी वाट काढतो. घाबरणारा जागीच थांबतो. तू जिथं थांबशील ना बेटा, तिथं माझं चुकलं."

त्याआधी त्यांच्या इंदूरच्या इंजिनीयर भाच्यानं प्रोग्रामचं तोंड, म्हणजे पडद्यावरची बटणं, बनवून दिलं होतं. दिसायला फार सुंदर होतं म्हणे. कॉम्प्युटर वाचून दाखवायचा तेव्हा मात्र नुसतं 'बटण, बटण, बटण', कुठलं कशाचं ते कळायचंच नाही. काका त्याला म्हणाले, लग्नात सासरच्या लोकांची ओळख तू 'माणूस, माणूस, माणूस' अशी करून देशील का? छपाई झाली हे कळायला भाच्यानं हिरवा दिवा ठेवला होता. तो किस्सा काका आजही प्रत्येकाला ऐकवतात आणि पहिले स्वतःच हसतात.

तर माझी दुपारची नोकरी सुरू झाली. टॉवेलकडं तोंड करून बसायचं, आवाज ऐकायचा, बटणं दाबायची. काहीतरी टाइप कर म्हणाले की मी केळ्याच्या चिवड्याची कृती टाइप करायची, निम्मी मराठी, निम्मी हिंदी. यंत्र खडखडायचं. काका कागदावरून बोटं फिरवत वाचायचे आणि म्हणायचे, "मीठ दोनदा टाकून राहिली तू."

मी सवयीनं म्हणायची, चुकलं माझं. काकांना ते चालायचं नाही. मीठ तुझं, बाकी सगळं माझं, म्हणायचे. मग त्यांनी प्रोग्रामलाही तेच शिकवलं. चुकीचं बटण दाबलं की आतून आवाज येतो, "चूक माझी झाली. पुन्हा करू या." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेत काय, घरात काय, कुणी मला असं म्हटलं नव्हतं. एका यंत्रानं म्हटलं.

पण हळूहळू मी चुकेनाशी झाले. बोटं आपोआप पडायला लागली. आणि मला नवीच धास्ती लागली. मी घाबरट म्हणून कामाची. भीतीच गेली तर काकांना माझा काय उपयोग? दुपारी परत एकटीनं भिंतीकडं बघत बसायचं?

त्यातच परवा, काकांनी हा प्रोग्राम ज्या अंधशाळेला दिलाय तिथल्या शिक्षकांचा फोन आला. काकांचा फोन नेहमी मोठ्या आवाजात असतो, त्यामुळे मलाही ऐकू आलं. शिक्षक म्हणाले, "सर, दिवाळीपासून एकदम मस्त चालू आहे. मुलं आपली आपण पुस्तकं छापून राहिलीत. आता हात जोडतो, काही बदलू नका."

दिवाळीपासून. आणि आता तर उन्हाळा संपत आला होता. मग इतके दिवस मी काय तपासत होते?

काका टॉवेल उगाच सारखा करत होते. मी विचारलं, मग उद्यापासून येऊ नको का?

"ये ना," ते घाईनं म्हणाले. "एक तपासायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी गेले. नेहमीचं बटण दाबलं, तर छपाई सुरू व्हायच्या ऐवजी फाइलच बंद झाली. शेजारचं दाबलं, तर भलताच धडा वाचायला लागला. एकूण एक बटणाची जागा बदललेली.

"काका, हे शाळेत पाठवणार? मुलं रडतील."

"शाळेचं तसंच आहे. त्याला हात नाही लावला." काका पुढ्यातला कोरा कागद बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "हे आपलं घरचं आहे. दुपार फार लांब असते, बेटा."

आतून आवाज आला, चूक माझी झाली, पुन्हा करू या. मी खुर्ची पुढं ओढली आणि दाबलं. मुद्दाम नाही, खरंच चुकले. काका उठून चहा ठेवायला गेले.