दांडीचा ओ

तू आधी चहाचा पेला खाली ठेव आणि नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही. तू शहरात जाऊन बसलास, इकडे गावात काय होऊन गेलं ते कोणीतरी नीट सुरुवातीपासून सांगायला नको?

फाट्यावरच्या बसथांब्यावर गावाचं नाव आहे ना, लोखंडी अक्षरांत, कोक-दोबो? होतं म्हणायचं आता. रस्ता रुंद करायला घेतला नि थांबा पाडला. त्या नावातला दांडीचा ओ, Ө, म्हणजे गोल अक्षर आणि त्याच्या पोटात आडवी पट्टी, तो एसेनकुलकाकांच्या हातचा. अक्षरं रशियातल्या कारखान्यातून यायची, आणि रशियनांना आपल्या बोलीतला हा स्वरच माहीत नाही. शाळेतल्या टाइपरायटरवरसुद्धा नव्हता तो. मास्तर साधा ओ मारायचे, गाडा मागे सरकवायचे नि वरून एक रेघ ओढायचे. मग काकांनीही तेच केलं. नव्यानेच वेल्डिंग शिकले होते, तीन साध्या ओंच्या पोटात सळया डकवल्या. शिडीवर चढून शेवटची डकवत होते तेवढ्यात खाली बस थांबली आणि बुरुलचाकाकू उतरल्या. मावशीकडे पाहुण्या आलेल्या. वर बघून म्हणाल्या, "वाकडी बसलीय." सळई वाकडीच राहिली. काकूही राहिल्या.

त्याच काकू आता कितीतरी हिवाळे मॉस्कोला. लेकीचं बाळ सांभाळायला एवढा एक हिवाळा, म्हणून गेल्या. मग बाळाला भाऊ झाला, आणि हिवाळ्याला हिवाळा जोडत गेला. काका फोनवर काय म्हणायचे, तर "इथं सगळं मजेत आहे, सावकाश ये." फोन ठेवला की चहा मात्र दोन पेल्यांत ओतायचे. दुसरा गार झाला की तोही स्वतःच प्यायचे.

थांबा पडला त्या दिवशी काका हातगाडी घेऊन धावले. दोन ओ भंगारात गेले होते, वाकड्या सळईचा तेवढा उरला होता. छातीपर्यंत येणारं ते धूड त्यांनी घरी आणलं, अंगणात सफरचंदाच्या झाडाला टेकवलं, गंज खरवडायला खाली जुने लोकरी नमदे अंथरले.

हे कुंपणावरून कोणी बघितलं असेल? शेजारच्या केल्दिबेकने. गोल कडं, आत दांडी, शेजारी नमदे. दुसऱ्या मुलखातल्या माणसाला अक्षर दिसलं असतं. आपल्या माणसाला काय दिसणार? यर्टच्या, नमद्यांच्या गोल तंबूच्या, माथ्यावरचं दांड्यांचं कडं. घरात लग्न नाही, कार्य नाही, आणि माणूस ऐन थंडीत अंगणात यर्ट उभारतोय. म्हणजे घरातलं कोणीतरी गेलं. घरातलं एक माणूस समोर खरवडत बसलंय, मग उरलं कोण? मॉस्कोवालं.

विचारायचं ना, म्हणशील. असलं कोणी विचारतं का? ज्याचं दुःख त्याच्या तोंडून ते वदवून घ्यायचं नसतं, आपण समजून घ्यायचं. केल्दिबेक बायकोला म्हणाला, "दादाला कडंसुद्धा धड जमेना बघ. एकच दांडी लावली नि हात गळाले बिचाऱ्याचे." दुपारपर्यंत त्याच्या चुलत्याची यर्ट ट्रॅक्टरवरून आली.

काका आत घासकागद शोधत होते. बाहेर येऊन बघतात तर अंगणात यर्ट उभी राहतेय, आणि फाटकातून बाप्ये काठ्या टेकत, "गेलीस गं वहिनी" म्हणून गळा काढत येतायत. काका होते तिथेच बसले. सगळ्यात जवळच्याला सगळ्यात शेवटी कळवायचं, तेही वडीलधारी गोळा करून, ही रीत त्यांनाही ठाऊक. त्यांना वाटलं, गावाला कळलंय, आपल्यालाच कळायचं राहिलंय. तेही विचारेनात. नुसते रडायला लागले. ते रडले तशी गावाचीही उरलीसुरली शंका फिटली. केल्दिबेकने सुतकाच्या रीतीप्रमाणे त्यांच्या कमरेला शेला बांधला, हातात काठी दिली, स्वतःची मेंढी कापली. आणि काका आपले पुटपुटतायत, "सावकाश ये म्हणालो मी. गाढव मी."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नाव बघून काका गोठ्यामागे पळाले.

"उचलायला इतका वेळ, म्हाताऱ्या?"

काकांनी फोन कानावर घट्ट दाबला.

"मागे गळे कोण काढतंय? कोण गेलं?"

"तू," काका म्हणाले.

"आणि तू का रडतोयस? तुझं तर सगळं मजेत असतं."

"नाहीये मजेत. ये."

"जन्मात पहिल्यांदा म्हणालास," काकू म्हणाल्या. "आता कोणाला काही सांगू नकोस. उद्याच्या विमानात बसते. कोण कोण रडतंय ते मला बघायचंय. आणि केल्दिबेकच्या बायकोवर लक्ष ठेव, माझी कढई तिच्याकडेच आहे."

काका गोठ्यामागे उभे. सांगावं, तर लोक घरी जातील, तिकडे काकूंचाही जोर ओसरेल, आणि लेक म्हणेल, आई, एवढा हिवाळा काढूनच जा. न सांगावं, तर मेंढी दुसऱ्याची नि अश्रू सगळ्या गावाचे. ते यर्टपाशी आले. केल्दिबेकने हळूच विचारलं, "कधी आणतायत?"

"उद्याच्या विमानाने येतेय," काका म्हणाले.

गावाने दुप्पट गळा काढला. आता खरी पंचाईत, आत आनंद मावेना आणि बाहेर रडायचं. टोपी नाकापर्यंत ओढून काका नुसते खांदे हलवत राहिले. बायका म्हणाल्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं.

दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या घेऊन काकू फाटकातून आत आल्या. गळे अर्ध्यावरच अडकले. केल्दिबेकची बायको कणकेचे बोरसोक तळत होती, काकूंच्याच कढईत. झारा पडला तिच्या हातातून. काकू सरळ झाडापाशी गेल्या, त्या ओकडे मान तिरकी करून बघितलं. "अजून वाकडीच," म्हणाल्या, आणि काकांच्या कमरेचा शेला सोडला.

मेंढी शिजलीच होती, ती सगळ्यांनी खाल्ली. केल्दिबेक अजून फुगलेला आहे. म्हणतो, "दादा, कळलं तेव्हा एका शब्दाने सांगायला काय झालं होतं?" काका म्हणतात, "तू एका शब्दाने विचारलंस का?"

आता बोल तू. कमरेला शेला, हातात काठी, सगळं गाव रडतंय, आणि कानात ती म्हणतेय, येते. तू काय केलं असतंस?