फट दिसता कामा नये

स्टेशन एक : बढाई

"स्टिकर? अण्णा, डोळे बांधून लावतो!"

ज्योतीराम घरमालकाला असं म्हणाला आणि तिथंच सगळं बिघडलं. पण हे त्याला परवा कळणार होतं. तोवर त्याला खूश राहू द्या.

आणि खूश का असू नये? चाकणच्या मोटारसायकल कारखान्यात तो पेट्रोलच्या टाक्यांना स्टिकर लावायचा. टाकी आली, साबणाचं पाणी मारलं, स्टिकर ठेवला, रबरी पट्टीनं बुडबुडे हाकलले, टाकी पुढच्या स्टेशनवर! झोपेतही त्याचा हात बायकोच्या पाठीवर सपासप पट्टी फिरवायचा. "अहो, मी टाकी न्हाई!" दिव्या ओरडायची. मग तो उशीकडं वळायचा.

लातूरहून आलेल्या या माणसाला एकच गोष्ट हवी होती : कुरुळीत रस्त्याला लागून असलेला, घरमालक मारुतरावांचा रिकामा गाळा. त्यात स्वतःचं स्टिकरचं दुकान! गाळ्याचा विषय निघाला की मारुतरावांना खोकला लागायचा. आज मात्र खोकल्याऐवजी त्यांनी पिशवीतून एक बोट काढली. हातभर लांबीची, लालभडक, रिमोटवर पळणारी.

"अधिक महिना हाय. परवा जावईबापू धोंड्याच्या जेवणाला येनार. कापडं, अंगठी समदेच सासरे देत्यात. आमच्या जावयाला नाद बोटीचा! आमच्या लेकीनं, प्राजक्तानं, त्याचीच बोट गुपचूप आनून दिलीया. हिला अशी नटव की वाकडातल्या बिल्डिंगा वाकून बघतील. जावई खूश, तर गाळा तुजा."

स्टेशन दोन : काम

बोटीच्या पाठीवर झाकण होतं. ज्योतीरामनं ते उघडलं. आत तारा, बॅटरी आणि एक लाल बटण. दाबलं. काही झालं नाही. झाकण लावलं.

(हे बटण कुठलं, काय करतं, हे प्रश्न त्याला पडले नाहीत. पडले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.)

दोन्ही अंगांना ज्वाळा लागल्या. नाकाडावर वाघाचे डोळे लागले. पाठीवर, मारुतरावांच्या हुकुमावरून, ठळक अक्षरांत : 'मारुतरावशेठ यांचे जावई'. पण 'शेठ'च्या बरोबर मधून एक रेघ जात होती. झाकणाची कड!

फट!

कारखान्यात टाकीवर केसाएवढी रेघ दिसली तर सुपरवायझर टाकी बाजूला काढायचा आणि ज्योतीरामचं शिफ्टभर डोकं खायचा. ज्योतीरामनं फटीत पुट्टी भरली. पॉलिश पेपरनं घासली. वर स्टिकर ताणून बसवला. त्यावर लॅकरचे तीन हात मारले आणि बोट उन्हात ठेवली. वाळल्यावर नख फिरवलं. नख कुठंच अडेना!

"दिव्या, शोध फट!"

"इथं झाकण होतं ना हो?"

"होतं! आता दिसतंय का?"

"न्हाई."

"मग!"

दिव्याला काहीतरी विचारायचं होतं. पण नेमकं काय, ते तिलाही कळेना.

स्टेशन तीन : धोंड्याचं जेवण

जावई रणजीतराव आले. पाय धुतले, ओवाळणी झाली, खांद्यावर नवं उपरणं पडलं. धोंड्यांवर तूप ओतलं गेलं, पहिला धोंडा पोटात गेला. मग मारुतरावांनी परातीवरचा रुमाल असा काही उचलला, जणू खाली पुतळाच आहे.

रणजीतरावांनी आपली बोट पाहिली. वाघाचे डोळे पाहिले. 'यांचे जावई' वाचलं. मग ते तिच्या पाठीवरून नख फिरवू लागले. पुन्हा फिरवलं. उलटं फिरवलं.

भारावले, ज्योतीरामला वाटलं.

"साहेब, कितीबी शोधा. सापडायची न्हाई!"

"अहो, पण..."

"तीन हात मारलेत!"

"रविवारी शर्यत आहे माझी. झाकण कुठंय?"

"झाकलं."

रणजीतरावांनी गोंधळून सासऱ्यांकडं पाहिलं, सासऱ्यांनी ज्योतीरामकडं, ज्योतीरामनं दिव्याकडं. दिव्याला आत्ता आठवलं तिला काय विचारायचं होतं!

"चालतीय का तरी बगा," मारुतराव म्हणाले. बोट अंगणातल्या हौदात सोडली. रणजीतरावांनी पिशवीतला रिमोट काढून दाबला आणि बोट सुटली की राव! टाळ्या! गोल, पुन्हा गोल! आणि तुपाच्या हातातून रिमोट सटकला. डुबुक.

लाइन थांबवा!

थांबेना.

रिमोट तळाशी, बोट वर घूंऽऽ करत गरगरतेय. मारुतरावांनी तिला उचललं तर तिनं त्यांच्या मिशा धुतल्या. पाटावर ठेवली तर मागच्या पंख्यानं जावयाचं उपरणं ओढून घेतलं आणि त्यासोबत जावयालाही.

"मामा! बंद करा!"

"कुटनं?"

"आतलं लाल बटण!"

"आत कुटनं जायचं?"

सगळे ज्योतीरामकडं बघू लागले. त्याला खरंच कळेना. काम तर एक नंबर झालं होतं!

"आरं गाढवा," मारुतराव मिशा पुसत म्हणाले, "तू टाक्यांवर स्टिकर लावतोस, त्यास्नी झाकण नसतं व्हय?"

ज्योतीरामनं प्रामाणिकपणे विचार केला.

"असंल की, अण्णा. ते पुढचं स्टेशन बसवतं."

स्टेशन चार : पुढचं स्टेशन

ते आलंच नाही. बोट घूंऽऽ करत राहिली. धोंडे तिच्या संगतीत संपले. बॅटरी उत्तम निघाली. अखेर ती दमली, तेव्हा रणजीतरावांनी कटर घेऊन 'शेठ'चे दोन तुकडे केले, झाकण उपसलं आणि आत हात घातला. गाळा गेला, ज्योतीरामनं मनातल्या मनात शटर ओढलं.

"मामा," रणजीतराव हळूच म्हणाले, "आत एक थेंब नाही. ही बोट घेतल्यापासून दर शर्यतीत पाणी प्यायची!"

मारुतरावांनी मान वर करून माडीच्या छताकडं पाहिलं. तिथं तीन पावसाळ्यांच्या गळतीचे डाग होते. नंतर नजर सावकाश खाली आली आणि ज्योतीरामवर स्थिरावली.

"गाळा घे."

ज्योतीराम त्यांच्या पाया पडला. दिव्यानं डोळ्याला पदर लावला.

आज गाळ्यावर पाटी आहे : 'गच्ची, टाकी, संडास – सर्व प्रकारची गळती बंद'. गिऱ्हाईक भरपूर आहे. स्टिकर मात्र दुकानात एकही नाही. निदान पाटी तरी मी कापून चिकटवतो, म्हणून ज्योतीरामनं खूप गयावया केली. मारुतरावांना खोकला लागला.

पाटी त्यांनी आळंदीच्या पेंटरकडून रंगवून आणली. ब्रशनं.