गळ्याचं माप

नर्सताईंच्या कॉलरमध्ये पेरभर कापड कमी घ्यायचं, असं शिवणकाकूंनी ठरवलं तेव्हा त्या मशीनवर बसून भक्तिगीतच गुणगुणत होत्या.

चर्चमधल्या गायनमंडळाचे पांढरे झगे आणि पाळकसाहेबांच्या तशाच कॉलरी वर्षानुवर्षं काकूच शिवायच्या आणि उपासनेतलं मुख्य गाणंही वर्षानुवर्षं त्याच म्हणायच्या. मग दवाखान्यात ही नवी नर्स आली. एका रविवारी सहज म्हणून गायली आणि पाळकसाहेब डोळे पुसत म्हणाले, "यापुढे हे गाणं ताईंनीच म्हणावं."

"गाते बरी," काकू घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या. "पण तोंड केवढं उघडते!"

कॉलर झग्याला मागून बटणं लावून बसवायची होती. वरच्या सुरात गळा आवळला की ताईंचं गाणं आपोआप अडेल, असा काकूंचा हिशेब. पण बुधवारच्या प्रार्थनेत पाळकसाहेब नेमके म्हणाले, "शेजारी बसलेल्या बहिणीबद्दल मनात गाठ ठेवून हात जोडू नका. आधी ती गाठ सोडा." काकूंच्या शेजारी नर्सताईच बसल्या होत्या. काकूंना हुंदका आला. नर्सताईंनी लगेच रुमाल पुढे केला. तोही धुतलेला आणि इस्त्रीचा, त्यामुळे काकूंना आणखीच वाईट वाटलं.

शनिवारी संध्याकाळी त्या योग्य मापाची कॉलर घेऊन चर्चच्या मागच्या खोलीत गेल्या. ताईंच्या झग्याची आवळ कॉलर काढली, नवी लावली, आणि सुटकेचा श्वास घेतात तोच पाळकसाहेब आणि नर्सताई बोलत बोलत आत आले.

"वा काकू! माझी नवी कॉलर आणलीत वाटतं?" काकूंच्या हातातली कॉलर बघून पाळकसाहेब म्हणाले.

ही कुणाची, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. काकू म्हणाल्या, "हो."

रविवारी पाळकसाहेब प्रेमावर बोलायला उभे राहिले. चेहरा आधीच गुलाबी होता. बंधुप्रेमापर्यंत तो लाल झाला. आवाज दाटला, डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रांगेतल्या आजी स्फुंदू लागल्या.

"आज अगदी भरून आलंय त्यांना," काकूंचा नवरा कुजबुजला.

काकू पाळकसाहेबांच्या कॉलरकडेच बघत होत्या. "आपण एकमेकांना क्ष... क्ष..." एवढं म्हणून पाळकसाहेबांनी टेबल धरलं, तशा नर्सताई धावल्या आणि त्यांनी मागची बटणं ओढून तोडली. पाळकसाहेबांनी असा श्वास घेतला, की पुढच्या मेणबत्त्या हलल्या.

"अगं बाई, काकूंचं माप चुकलं!" मागून कुणीतरी म्हणालं.

बाकी काहीही सोसलं असतं काकूंनी. पण हे?

"माप चुकलेलं नाही!" त्या ताडकन उठल्या. "ती कॉलर पाळकसाहेबांची नव्हतीच. नर्सताईंची होती!"

"पण काकू," नर्सताईंनी स्वतःच्या गळ्याला हात लावला, "मलाही ती आवळच झाली असती."

सगळे काकूंकडे बघू लागले. काकूंनी खाली मान घातली आणि सगळं सांगून टाकलं. नर्सताई शांतपणे आल्या आणि त्यांनी काकूंना मिठी मारली. "झालं गेलं विसरून जा काकू. माझ्या मनात काही नाही." सगळं चर्च टाळ्यांनी दणाणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा म्हणाला, "केवढं मोठं मन तिचं!"

"मोठं मन!" काकू उसळल्या. "मी कॉलर आवळली म्हणून क्षमा करायला मिळालं ना तिला? माझं कुणी काही वाकडंच करत नाही, तर मी कुणाला क्षमा करू?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात नर्सताई उभ्या होत्या. डोळे सुजलेले. "काकू, मला माफ करा."

काकूंचा चेहरा उजळला. "केलं! काय केलंस तू?"

"मीच पाळकसाहेबांना म्हटलं, पुढच्या रविवारी गाणं काकूंना द्या. मला वाटलं, नको म्हणतील. तर ते लगेच हो म्हणाले! वर म्हणाले, काकूंच्या आवाजाची सर कुणाला नाही. तेव्हापासून नुसता जळफळाट होतोय माझा. सगळ्यांसमोर तुम्हाला मिठी मारली, आणि आता तुमचं तोंड बघवत नाही."

काकूंना काहीतरी उदात्त बोलायचं होतं. पण त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघून ते राहूनच गेलं. त्यांनी तिचा हात धरून तिला आत ओढलं.

"झोप लागत नाही ना? आणि त्या बाईची साधी चप्पलसुद्धा डोळ्यांत खुपते?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"बस. चहा टाकते."

दुसऱ्या कपापर्यंत दोघींचं एकमत झालं, की पाळकसाहेबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. नाहीतर दोघींना मिळून गायला सांगितलं नसतं का?

"जाऊ दे काकू, त्यांनाही क्षमा करायला हवी आपण."

"करू की," काकू म्हणाल्या. "पण आधी चहा संपू दे."