समुद्र नापास करणारे मोहितेकाका

मोहितेकाका फोनवर समुद्र ऐकतात. कोकणातल्या कुठल्याशा घरगुती लॉजच्या मालकाला फोन लावतात आणि म्हणतात, "राव, फोन घेऊन जरा बाहेर चला. किनाऱ्यापर्यंत जावा. आता धरा समुद्राकडं. काय बोलू नका." मग पाच पाच मिनिटं कुणीच काही बोलत नाही. पलीकडचा मालक भर उन्हात हात लांब करून उभा. खोली, जेवण, गाडी लावायला जागा, यातलं काही न विचारता काका शेवटी एकच शब्द उच्चारतात, "नापास."

यात गंमत अशी, की काकांना धड ऐकू येत नाही. गिरणी बंद होईपर्यंत ते साचाखात्यात होते. शेकडो माग एकदम चालणाऱ्या त्या खात्यात तीस वर्षं काढल्यावर माणसाच्या कानात काय उरणार? त्यांच्या दारावर आम्ही टकटक करत नाही, सरळ आत जातो. ते बोलतात तेव्हा खालच्या मजल्यावरची माणसं "ओ" देतात. असा माणूस समुद्र ऐकून नापास करतो.

काका मूळचे साताऱ्याकडचे, मासळीच्या वासाने तोंड फिरवणारे. काकी मात्र पक्क्या मालवणी, समुद्राला लागून माहेर असलेल्या. पन्नास वर्षांपूर्वी एकाच चाळीत समोरासमोरच्या खोल्यांत राहून दोघांचं जमलं. तेव्हा मोठा गदारोळ झाला होता म्हणे. आता त्या गदारोळाचे साक्षीदारही फारसे उरले नाहीत.

आमची आणि काकांची चाळ करी रोडची, तिसरा मजला. शेजारी टॉवर उठतोय. पायाचं काम सकाळी आठला सुरू होतं ते संध्याकाळी सातपर्यंत, आणि त्या ठोक्यांवर आमच्या मांडणीतले कप नाचतात. सात वाजता ते थांबलं की खाली मंडळाच्या पोरांची बेंजोची तालीम. या आवाजात दोन्ही मुलांनी परीक्षा दिल्या आणि मी डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या. शेवटी मेघा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "मला चार दिवस शांत बसायचंय. समुद्र असला तर बरं. स्वस्त असलं तर अजून बरं. आणि हे जमलं नाही तर मी एकटीच जाईन, कुठे ते विचारू नका."

ऑफिसात नाक घासून मी चार दिवसांची रजा मिळवली. आणि माझं चुकलं ते एवढंच, की ही गोष्ट मी गॅलरीत उभं राहून मोहितेकाकांना सांगितली.

"शांत जागा पाहिजे ना? माझ्यावर सोड."

"काका, मी बघतो इंटरनेटवर."

"फोटोत काय दिसणार? पाणी तर नळालाबी दिसतं. समुद्र ऐकू आला पाहिजे. काय समजलास?"

'काय समजलास' हे त्यांचं पालुपद. त्यानंतर समोरच्याने काही समजून घ्यायचं नसतं, मान हलवायची असते. मी हलवली.

त्या दिवसापासून महिनाभर आमच्या सुट्टीचा कारभार काकांच्या हातात गेला. फोन करायची वेळ रोज वेगळी. त्यांच्या भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा काकींच्या माहेरचा हिशेब. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. भरती नसताना समुद्राची परीक्षा घेणं म्हणजे पोराला झोपेतून उठवून पाढे विचारणं, असं काकांचं मत. फोन लागला, मालक बाहेर निघाला, की काका फोन घेऊन आतल्या खोलीत जायचे आणि खिडकी लावून घ्यायचे.

"आत रेंज चांगली येते," ते सांगायचे. आमच्या चाळीत आतल्या खोलीत रेंज येते हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

थोड्या वेळाने बाहेर येऊन निकाल. एक जागा नापास, कारण पाण्यावर भुर्र करत फिरणाऱ्या स्कूटर. दुसरी नापास, कारण शेजारच्या हॉटेलात गाणी. एका हुशार मालकाने उन्हात जायचा कंटाळा केला आणि मोबाईलवरचा समुद्राचा आवाज लावून दिला.

"नापास," काका बाहेर येऊन गरजले. "त्याच्या समुद्रात पाऊस पडतोय. एप्रिल महिन्यात! लबाड लेकाचा."

मी थक्क झालो. दारावरची थाप ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना फोनमधला पाऊस ऐकू आला? पण मी इतका थकलो होतो, की मला आश्चर्यही धड वाटेना. रजा आठ दिवसांवर आली होती. मेघा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती.

शेवटी देवगडच्या पुढचं एक गाव काठावर पास झालं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हीच तिथे दिसाल.

निघायच्या दिवशी काकांनी जिन्यात गाठून बजावलं, "आडनाव सांगू नको. परब म्हटलं की संपलं. मुंबईत कुठं राहता, तेबी सांगायचं नाय. शांतता पाहिजे ना? मग कुणाचा कोण नाय म्हणून राहायचं. काय समजलास? आणि पोचलास की भरतीच्या टायमाला फोन कर. मला खात्री करायचीय."

मी त्यांच्या घरात जाऊन काकींच्या पाया पडलो. दोन वर्षांपूर्वी आमच्या जिन्यावरून पडून त्यांचा खुबा मोडला, तेव्हापासून त्या आतल्या खोलीत कॉटवर आहेत. डोळ्यांनीही फारसं दिसत नाही. हॉस्पिटलासाठी त्यांना दोनदा खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं. दोन्ही वेळा इतक्या कळवळल्या, की त्यांनीच सांगून टाकलं, "आता तिसऱ्यांदा उतरवशात ता एकदाच." मेघाला मात्र त्या कधीतरी म्हणायच्या, "चौपाटीच्या समुद्राक गाज नाय गो. आमच्या घरात गाज ऐकान झोप येय." गाज म्हणजे समुद्राचा तो अखंड घुमणारा आवाज. "एकदा ऐकाक व्हयी," असंही म्हणायच्या. आम्ही "हो, हो" करायचो. दुसरं काय म्हणणार?

आम्ही पंचमीला दुपारी पोचलो. आणि खरंच सांगतो, जागा सोन्यासारखी. सुरूची झाडं, पलीकडे पाणी, माणूस नाही. मेघा आठवड्यात पहिल्यांदा हसली.

मग जेवायला बसलो. मालकीणबाईंनी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं वाढलं. पहिला घास तोंडात गेला आणि माझ्या तोंडून निघालं, "आमची आजी अगदी असंच करायची."

झालं! मालक खुर्ची ओढून समोर बसले.

"आजी खंयची तुमची?"

मेघाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. आजीवरून गाव निघालं, गावावरून आडनाव.

"परब? खंयचे परब? मुंबैक खंय रवतास?"

"करी रोड," माझा धाकटा मदतीला धावला.

"करी रोडाक! मगे आमच्या वहिनीच्या भयणीक वळाखतास?"

ओळखत होतो. आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते ती. अर्ध्या तासात अंगणात बारा माणसं जमली. कुणाला लालबागला भाच्याकडे आमसुलं पाठवायची होती, कुणाच्या मुलाला नोकरी हवी होती, आणि एका आजोबांनी मी त्यांच्या मांडीवर खेळल्याचं शपथेवर सांगितलं. सुट्टी संपली, भेटीगाठी सुरू झाल्या. मेघा माझ्याकडे बघतही नव्हती.

काकांचा फोन आला तेव्हा साडेचार होत आले होते.

"पावणेचार कवाच वाजून गेले! कुठं हाईस तू?"

मी आमसुलांची पिशवी हातात घेऊनच पळालो. सुरूच्या बनातून वाळूवर आलो, माणसांचे आवाज मागे पडेपर्यंत चाललो आणि फोन समुद्राकडे धरला. म्हातारा काही सोडत नाही, माझ्या सुट्टीतही ड्युटी लावतो, अशी मनातल्या मनात चिडचिड चालली होती.

काकांचा आवाज एवढा मोठा, की हात लांब केला तरी मला सगळं ऐकू येत होतं. ते माझ्याशी बोलत नव्हते.

"ऐक. पोचलो बघ आपण. हितं उतरायचं. चप्पल काढू नको हां, वाळू तापलीय."

मग बराच वेळ नुसता समुद्र. मी जागचा हललो नाही. आणि मग काकींचा बारीक पण खणखणीत आवाज आला.

"ही भरती न्हय ओ. सुकती लागली. पाणी मागे ओढता हा."

मी खाली पाहिलं. पाणी मागे सरलं होतं. ओल्या वाळूची रेघ लाटेच्या चांगली हातभर वर राहिली होती. तीनशे मैलांवर, करी रोडच्या तिसऱ्या मजल्यावर पडून काकींनी ओहोटी ओळखली होती. भुर्र करणाऱ्या स्कूटर, मोबाईलमधला पाऊस, सगळं त्यांनीच पकडलं होतं. आणि काका महिनाभर एकेक समुद्र नापास करत होते, कारण एक पास झाला असता तर दुसऱ्या दिवशी फोन कुणाला लावणार? मला स्वतःची लाज वाटली.

"काका," मी ओरडलो, "काकी म्हणतात ते बरोबर आहे. मलाच यायला उशीर झाला. सुकतीच लागलीय."

 

"उद्या षष्ठी," काका पकडले गेल्यासारखे एकदम हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "साडेचार. जरा आधीच जाऊन उभा राहशील?"

पंचमी ते अष्टमी, चारही दिवस मी गेलो. दुसऱ्या दिवशी मेघा विचारायला लागली तेव्हा तिला सांगितलं. मग तीही यायला लागली आणि माझा हात दुखला की फोन ती धरायची. अंगणातल्या पाहुण्यांत त्या चार दिवसांत आम्हाला जी काही शांतता मिळाली, ती तेवढीच.